पसाऱ्याच्या बाजूने

मराठी भाषेने माशीवर फारसं प्रेम केलेलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं की माशी शिंकलेली असते. ज्याला कामधंदा नाही तो माश्या मारत बसतो. पहिल्याच घासाला विघ्न आलं की आपण थेट संस्कृतात शिरतो, आणि तिथेही पानात मक्षिकाच पडलेली असते. या बदनामीतून सुटली ती एकटी मधमाशी, आणि तिच्या सुटकेचं श्रेय बाटलीला आहे. ती उद्योगी, शिस्तीची, एकीने राहणारी वगैरे जे सुविचार शाळेच्या फळ्यावर येतात, ते सगळे मध चाटून झाल्यावर सुचलेले आहेत. तितक्याच उद्योगी गांधीलमाशीवर आजवर कोणी सुविचार लिहिलेला नाही. हल्ली मधमाशी वाचवण्याची चळवळ जोरात आहे. २० मे हा जागतिक मधमाशी दिनही झाला आहे. स्लोव्हेनिया या देशाच्या आग्रहावरून संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ साली जाहीर केला. त्यांच्याकडचे अठराव्या शतकातले नामांकित मधपाळ आंतोन यान्शा यांच्या जन्माशी ही तारीख जोडलेली आहे. आपल्याकडे त्या दिवशी जे फलक लागतात, त्यांवर बहुधा एक गुबगुबीत, केसाळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं पात्र असतं. त्याला बम्बलबी म्हणतात. भारतात तिचं घर हिमालयात. महाराष्ट्रात ती फक्त फलकावर आढळते. मोर्चा सह्याद्रीतल्या माश्यांसाठी काढायचा आणि हातात फोटो काश्मीरच्या पाहुणीचा धरायचा, असा हा प्रकार आहे.

फलकाचं एक वेळ सोडून देऊ, पण त्यामागची समजूत सोडून देण्यासारखी नाही. समजूत अशी, की माश्या वाचवायच्या म्हणजे मधपेट्या वाढवायच्या, झाडं लावायची, फलक लावायचे, थोडक्यात काहीतरी करायचं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आपल्याकडच्या परागवाहकांचं जे काही वाटोळं झालं आहे, त्यातलं बरंचसं आपण काहीतरी केल्यामुळे झालं आहे, आणि त्यांना हवा आहे तो थोडा पसारा. आधी हे परागवाहक कोण ते पाहू. जगात माश्यांच्या, म्हणजे फुलांवर जगणाऱ्या माश्यांच्या, सुमारे २०,००० जाती आहेत. भारतात ७००हून अधिक. त्यांतल्या मध साठवून आपल्या उपयोगी पडणाऱ्या जाती बोटांवर मोजता येतात: उंच कड्यावर आणि पाण्याच्या टाकीखाली लटकणारी आग्या, ढोलीत आणि वारुळात राहणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, आणि भिंतीच्या भेगेत राहणारी, डंखच नसलेली चिमुकली पोया. पाचवी मेलिफेरा, ती युरोपातली, १९६०च्या दशकात पंजाबात स्थिरावली आणि पेट्यांतून देशभर पसरली. ती गुणी आहे, भरपूर मध देते, पण तिची गणना जर्सी गाईच्या रांगेत करावी लागेल. जर्सी गाई वाढल्या म्हणून राधानगरीच्या जंगलातले गवे सुखरूप आहेत, असं कोणी म्हणत नाही. माश्यांच्या बाबतीत मात्र हे विधान भाषणात चालून जातं.

उरलेल्या शेकडो जातींपैकी बहुतेकींना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. त्या एकेकट्या राहतात. एकटी मादी घर खणते, एकटीच किराणा भरते, पराग आणि मधाच्या गोळ्यावर एक अंडं घालते, दार लिंपते आणि पुढच्या खोलीच्या कामाला लागते. लेकरांचं तोंडही बहुतेकींना पाहायला मिळत नाही. त्यांच्याकडे विकण्यासारखं काही नसल्यामुळे त्यांना सहकारी संस्था नाही, अनुदान नाही, आणि बहुतेकींना मराठीत नावही नाही. मोठी आणि काळी असेल तर भुंगा, नाहीतर ‘कसलीशी माशी’. या कसल्याशा माशीचं काम पाहायचं तर सकाळी वांग्याच्या फुलासमोर उभं राहावं. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या नळ्यांचा एक झुबका असतो. पराग त्या नळ्यांच्या आत, आणि बाहेर यायला टोकाशी बारीक भोक. मिठाच्या डबीची रचना. वाऱ्याने थोडं काम होतं, पण डबी हलवणारा कोणी भेटला तर फळ चांगलं धरतं. अंगावर निळे पट्टे असलेली एक माशी येते, झुबक्याला मिठी मारते, अंगाचं वेटोळं करते, आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरारवते. एवढासा जीव, पण आवाज हातभर अंतरावरून ऐकू येतो, नि पिवळी भुकटी तिच्या पोटावर झरझर सांडते. टोमॅटोचं फूलही असंच हलवून घ्यावं लागतं. सुविचारातल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. पोळ्यातल्या पन्नास हजार बहिणी घेऊन आली तरी येत नाही. तेव्हा भरल्या वांग्याचं श्रेय वाटताना काळ्या मसाल्यानंतर आणि सासूबाईंच्या आधी कुठेतरी या निनावी बाईचं नाव यायला हवं.

इथवर वाचकांची सहानुभूती मिळते, कारण निळे पट्टे दिसायला बरे असतात. अडचण हापूसपाशी येते. आंब्याच्या मोहोरावर जे कीटक काम करतात, त्यांत मोठा वाटा साध्यासुध्या माश्यांचा आहे: फुलासमोर हवेत थबकून राहणाऱ्या, तशाच मासळीबाजारात भेटणाऱ्या हिरव्या-निळ्या चकचकीत माश्यांचा. ऑस्ट्रेलियातले काही बागायतदार तर त्यांना बोलावण्यासाठी बागेत सडकं मांस ठेवतात. देवगड आणि रत्नागिरी यांच्यात कोणाचा हापूस खरा यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. हापूस कोणाच्या पायांनी फळतो यावर मात्र दोन्हीकडे सन्माननीय मौन आहे. सीताफळाची तीच कथा. त्याच्या जाड, अर्धवट मिटलेल्या फुलात शिरण्याचं काम बारीक भुंगेरे करतात, पिकल्या-आंबल्या वासावर येणारे. उंबराची तर गोष्टच निराळी. फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. प्रत्यक्षात उंबराला फुलं शेकड्यांनी लागतात, फक्त ती फळाच्या आत, तोंड आतल्या बाजूला करून बसलेली असतात. दोन-तीन मिलिमीटरची एक गांधीलमाशी त्या फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद फटीतून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात, म्हणजे परतीचं तिकीट दारातच फाटतं. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि मरते. तिचे बिनपंखाचे मुलगे तिथेच जन्मतात, तिथेच लग्नं उरकतात, मुलींसाठी बाहेरचा बोगदा खणतात आणि बाहेरचं जग न बघता संपतात. मुली पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. दत्तगुरूंच्या छायेत हे नाटक वर्षानुवर्षं चालू आहे, आणि दत्तगुरूंची छाया आहे म्हणूनच त्यावर अजून कोणी फवारणी केलेली नाही.

जुन्या कवींना यातलं काही ठाऊक नव्हतं असं समजू नये. लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या प्रेमात अडकून रात्रभर पाकळ्यांत कोंडून राहतो, हा दृष्टान्त आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात आहे. १९९६ साली दोन संशोधकांनी कमळाच्या फुलाला तापमापक लावून पाहिले. बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फुलाच्या आत ३० ते ३६ अंशांची ऊब टिकून होती, आणि रात्री मिटलेल्या फुलात मुक्काम करतात ते भुंगेरे. म्हणजे कवींचं निरीक्षण पक्कं होतं. प्रेम तेवढं पदरचं, प्रकरण गरम पाण्याची सोय असलेल्या लॉजचं आहे. दुसरी चूक व्याकरणाची. लाकूड पोखरण्याचं सगळं काम भुंग्याची मादी करते. नर फुलाभोवती आपली हद्द राखत घिरट्या घालतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जातो, आणि त्याला डंखही नसतो. रसिक म्हणून कवितेत नाव त्याचं झालं. या भुंग्याच्या मादीवाचून रुईला फळ धरणं कठीण, आणि रुईच्या पानांचा हार शनिवारी मारुतीला लागतो, तेव्हा हा विषय केवळ शेतकऱ्यांचा आहे असं शहरातल्या भाविकांनीही मानू नये.

आता पसाऱ्याकडे येतो. माश्यांच्या जातींपैकी सुमारे ७० टक्के जमिनीत घर करतात. त्यांना लागते ती उघडी, निचऱ्याची, थोडी उन्हाची, कोणी न नांगरलेली वीतभर माती. भुंग्याला लागतो वाळका वासा, पोकळ बांबू, मेलेली फांदी. पानं कापणाऱ्या माशीला भिंतीतलं जुनं खिळ्याचं भोक चालतं, सरकत्या खिडकीच्या चौकटीतली पाणी जायची वाट चालते. या गरजांची यादी आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही नगरपालिकेची ‘सुशोभीकरणा’ची निविदा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. उघडी माती दिसली की पेव्हर ब्लॉक. वाळकी फांदी दिसली की करवत. भिंतीत भोक दिसलं की सिमेंट. पेव्हर ब्लॉक हे तर आपल्या काळाचं स्थापत्य आहे. आमदार निधीतून देवळाचं अंगण, शाळेचं पटांगण, झाडाचा बुंधा, स्मशानाची वाट सगळं लाल-करड्या ठोकळ्यांनी झाकून झालं, की गावाचा विकास झाला. गृहसंकुलांत यापुढची पायरी असते, ती हिरवळ. ती कापून, फवारून इतकी निर्मळ ठेवतात की तिच्यावर एक टाकळा, एक दुधाणी उगवायची हिंमत करत नाही. माशीच्या नजरेने ती हिरवळ म्हणजे हिरव्या रंगाचा पेव्हर ब्लॉक. आणि गुलाबाचं पान कोणीतरी कंपासने आखल्यासारखं गोल कापून नेलं, की संकुलाच्या गटावर मोहोळ उठतं, सायंकाळपर्यंत औषध फवारलं जातं. ती गोल चकती पानं कापणाऱ्या माशीने बाळाच्या खोलीला झाकण म्हणून नेलेली असते; भिंतींसाठी लांबट तुकडे, दारासाठी गोल. झाडाला त्याने काहीच होत नाही. गुलाबाची चार पानं म्हणजे तिचं सगळं घरभाडं.

खेड्यात परिस्थिती बरी असेल असं वाटतं, पण तिथे टापटिपीची जागा भाऊबंदकीने घेतली आहे. शेतातली एकच जागा अशी, जिथे नांगर जात नाही: बांध. तिथे रुई, तरवड, करवंद, बोरी-बाभळी, नाना गवतं असतात, मेलेली खोडं असतात, आणि माती उन्हात निवांत पडलेली असते. माशीला याहून चांगली वसाहत मिळणार नाही. पण बांध हा दोन भावांच्या मधला असतो. थोरला पेरणीला फाळ थोडा अलीकडे घेतो, धाकटा पुढच्या वर्षी पलीकडून कोरतो, आणि पाच फुटांचा बांध दोघांच्या आयुष्यात दीड वितीवर येतो. मग मोजणी, दावा, तारीख. दाव्यात पक्षकार दोनच, वादी आणि प्रतिवादी. ज्यांची घरं गेली त्यांना नोटीस जात नाही. उरलेल्या दीड वितीवर तणनाशक मारलं की बांध ‘स्वच्छ’ होतो. आणि त्याच शेतातल्या तुरीला शेंगा कमी का लागल्या, यावर पारावर चर्चा होते तेव्हा ढगाळ हवामान, बियाण्याची कंपनी आणि सरकार या तिघांवर मामला मिटतो. तुरीच्या फुलावर दाबून बसण्याइतक्या वजनाच्या माश्या आणि भुंगे त्या बांधातच राहत होते, हा मुद्दा चर्चेला येत नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते काही अगदीच फुटकळ नाहीत. पहिला आक्षेप आरोग्य खात्याचा: पसारा ठेवला तर डेंग्यू होईल. पण डेंग्यूचा डास पालापाचोळ्यात अंडी घालत नाही. त्याला साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, म्हणजे टापटीप घरातल्या नजरेआडच्या जागा. तेव्हा ताटल्या रोज ओता आणि पाचोळा राहू द्या, हे दोन्ही एकाच वेळी जमण्यासारखं आहे. दुसरा आक्षेप डंखाचा, आणि तिथे चेष्टा चालणार नाही, कारण आग्या मोहोळ उठलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. किल्ल्यावर मोहोळाखाली चूल पेटवणारे आणि फटाके फोडणारे हे दरसाल सिद्ध करतात. पण आग्याची रीत पाहा. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या शेकडो माश्या क्षणार्धात पोट वर उचलतात आणि अख्ख्या पोळ्यावरून चमकती लाट सरकते. आधी इशारा, मग हल्ला. शिवाय ती हंगामी आहे. फुलोरा संपला की पोळं सोडून दूर निघून जाते. कोर्टकचेरी न करता, पागडी न मागता, स्वतःहून जागा सोडणारा भाडेकरू पुण्या-मुंबईच्या इतिहासात दुसरा झालेला नाही. त्यालाच आपण पेस्ट कंट्रोल लावून रात्रीतून जाळतो. एकेकट्या राहणाऱ्या माश्यांना तर राखायला पोळं नसल्याने त्या सहसा चावायच्या भानगडीत पडत नाहीत. मुठीत धरल्यावर चावतील, पण मुठीत धरल्यावर कोण चावत नाही?

तिसरा आक्षेप जरा हिशेबी मंडळींचा. माश्या गेल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइनच्या नावावर जे वाक्य फिरतं, ते त्याने म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरंही नाही, असं ते सांगतात. दोन्ही बाबतींत त्यांचं बरोबर आहे. ज्वारी, गहू, भात यांना माशी लागत नाही, त्यांचं वाऱ्यावर किंवा घरच्या घरी भागतं. ऊस कांडीने लावतात. केळीला तर परागाशी देणंघेणंच नाही. २००७ साली जगातल्या ११५ प्रमुख पिकांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ८७ पिकांना परागवाहक प्राण्यांचा कमीअधिक उपयोग होतो असं निघालं. पण वजनाने पाहिलं तर निम्म्याहून जास्त अन्न ज्या पिकांतून येतं, त्यांना त्यांची गरज नव्हती. म्हणजे माश्या गेल्या तर महाराष्ट्र उपाशी मरणार नाही. भाकरी राहील, साखर राहील, राजकारणही राहील. पिठलं मात्र नुसतं राहील, कारण कांद्याचं बी डेंगळ्यांवर माश्या फिरल्याशिवाय धरत नाही. भोपळा, दोडका, कारलं, कलिंगड, सूर्यफूल, मोहरी, धने, जांभूळ, करवंद यांचं कमीजास्त प्रमाणात तसंच. फोडणीला तेल नाही, मोहरी नाही, तोंडी लावायला कांदा नाही: हे जगणं झालं, जेवण झालं नाही.

मग पेट्या भाड्याने आणू, हा त्यावरचा लगेच येणारा तोडगा. आणाव्यात. जालना-बुलढाण्याच्या बीजोत्पादकांना पेट्यांचा उपयोग होतो, आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ झालं ते चांगलंच झालं, कारण तिथली माशी सातेरी, घरची आहे. पण पेटी वांग्याला उपयोगी नाही, उंबराला नाही, सीताफळाला नाही. उद्या रोग आला तर? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात एका विषाणूने सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती साफ केल्या होत्या. सगळी नाट्यसंस्था एकाच नटाच्या तब्येतीवर चालवायची नसते, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. हाताने परागण करू, हा आणखी एक उपाय. व्हॅनिलाचं १८४१ सालापासून तसंच चालतं, रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ती हातोटी शोधली. सीताफळातही ब्रशने करतात. पण निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून रडणाऱ्या शेतकऱ्याला फुलागणिक ब्रश फिरवणारा माणूस कुठून मिळेल? माशी उचल मागत नाही, दुपारी चहा मागत नाही, आणि सरपंचाच्या मुलाच्या लग्नाला चार दिवस जात नाही.

राहता राहिला शेवटचा आणि सगळ्यांत सरकारी आक्षेप: माश्या कमी झाल्या याला पुरावा काय? जर्मनीत क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटकमंडळाने १९८९पासून राखीव निसर्गक्षेत्रांत सापळे लावून कीटक वजन करून ठेवले. २०१७ साली २७ वर्षांचा हिशेब जुळवला तेव्हा उडत्या कीटकांचं वजन ७६ टक्क्यांनी घटलं होतं. त्या मंडळींना कोणी सांगितलं नव्हतं, हौस होती. आपल्याकडे हौशी नाटक आहे, हौशी गिर्यारोहण आहे; हौशी कीटकमोजणी मूळ धरत नाही, त्याला कारणं आहेत. एक तर अनेक माश्या ओळखायच्या तर त्या मारून भिंगाखाली घ्याव्या लागतात, म्हणजे अधिकृत व्यवसाय ‘माश्या मारणे’ असा सांगावा लागतो, आणि मुलीकडचे उठून जातात. दुसरं, ओळखायला हाताशी येतं ते बिंगहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचं १८९७ सालचं पुस्तक. टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला त्या वर्षीचं हे पुस्तक आजही कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतं. तिसरं कारण बांधावरच कळतं. हातात वही आणि घड्याळ घेऊन कोणी दहा मिनिटं वांग्याच्या फुलाकडे टक लावून उभं राहिलं, की पाचव्या मिनिटाला मागून प्रश्न येतो, “साहेब, मोजणीला आलात का?” माश्या मोजतोय असं सांगितल्यावर विचारणारा थोडा वेळ थांबतो, फुलाकडे बघतो, साहेबाकडे बघतो, आणि हलक्या आवाजात म्हणतो, “हायवे कुठनं जाणार तेवढं सांगा.”

तरीही या बायांनी हार मानलेली नाही, आणि त्यात मोठा वाटा आपल्या कंत्राटदारांचा आहे. पेव्हर ब्लॉक नियमाप्रमाणे बसवले तर मधली फट घट्ट बुजायला हवी. ती बुजत नाही. वाळू कमी पडते, ठोकळा खचतो, पहिल्या पावसाळ्यानंतर सांधा उघडा पडतो. त्या सांध्यात कधीतरी बोटभर मातीचा ढिगारा दिसतो, मधोमध पेन्सिलीने पाडल्यासारखं भोक, आणि भोकाच्या तोंडाशी काळं, केसाळ, तीळभर डोकं. सकाळी झाडूवाल्या बाई येतात, ढिगारा झाडून नेतात. डोकं आत जातं. बाई पुढच्या खांबापर्यंत पोचायच्या आत ताजी माती बाहेर ढकलली जाऊ लागते. सोसायटीने फटी बुजवण्याचा ठराव केला आहे. काम त्याच कंत्राटदाराला दिलं आहे.